आबांच्या घोड्याची चंदी

आबा कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी दारातच एक प्रश्न विचारत, "घोडं कुठं बांधू?"

घोडं म्हणजे त्यांची विजेवर चालणारी पांढरी एसयूव्ही. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत अजगरासारखी वेटोळी घालून बसलेली चार्जिंगची केबल. यजमान "या या" म्हणेपर्यंत आबांची नजर भिंतीवरून फिरत फिरत गीझरच्या नाहीतर वॉशिंग मशीनच्या पॉवर प्लगवर जाऊन थांबलेली असे. आम्ही मागे उभे. मी, माझी बायको सुधा आणि आमची मुलगी मुग्धा. तिघांचेही चेहरे असे, की या गृहस्थांना आम्ही आत्ताच रस्त्यात भेटलो.

आबा माझे सासरे. ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात त्यांचं घर, आणि मी तिथल्याच दर्पण कॉलनीतला, त्यामुळे या लाजेचा सर्वांत जवळचा आणि नियमित ग्राहक मीच होतो. त्यांचे पूर्वज दख्खनमधून फौजेबरोबर इकडे आले, शिलेदार होते, असं ते सांगत. तलवार गेली, जमीन गेली, आबांनी स्वतः आयुष्यभर विमा कंपनीत नोकरी केली. पण घराण्यातली एक रीत त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. "जावईबापू, पाहुण्याच्या आधी पाहुण्याच्या घोड्याला चंदी. पाहुण्याला भूक लागली तर तो बोलेल. जनावर कुणाला सांगणार?" चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. घोडी संपली तेव्हा ही रीत बिचारी बेकार झाली होती. निवृत्तीनंतर आबांनी ही गाडी घेतली आणि रीतीला पुन्हा नोकरी लागली.

हे एकतर्फी नव्हतं, हेही सांगायला हवं. त्यांच्याकडे कुणी स्कूटर घेऊन आलं, तरी आबा आधी अंगणात जाऊन विचारत, "हिची चंदी झाली का?" पेट्रोलची स्कूटर असेल तर त्यांना मनापासून वाईट वाटे.

गाडीबद्दल कुणी चुकून "रेंज किती देते हो?" असं विचारलं, तर त्या माणसाचा चहा गार होणार हे ठरलेलं. आबा खुर्चीत पुढे सरकत. "कंपनीच्या कागदावर विचाराल तर पाचशे. रस्त्यावर विचाराल तर साडेतीनशे. मे महिन्यात, एसी लावून, सुधा मागे बसून बोलत असेल तर तीनशे." मग बॅटरी किती युनिटची, फास्ट चार्जरवर किती वेळ, घरच्या प्लगवर किती वेळ, जमिनीपासून उंची, डिकीत किती बॅगा, एअरबॅग किती. "आणि ताकद एकशे सत्तर हॉर्सपॉवर. आमच्या पणजोबांच्या पागेत चाळीस घोडी होती. ही एकटी एकशे सत्तर आहे, आणि लीद टाकत नाही." सगळ्यात शेवटचा मुद्दा असे, "आणि ही नुसती घेत नाही, देतेसुद्धा. हिच्यातून घराला वीज काढता येते." पण तिथवर पोचेतो ऐकणारा उठून गेलेला असे. त्यासाठी मिळालेला अडॅप्टर डिकीत प्लास्टिकच्या वेष्टनातच पडून होता.

शहरातच हजीऱ्याला एका बारशाला गेलो होतो, तिथे स्वयंपाकघरातल्या प्लगला आबांनी गाडी लावली आणि पुरण अर्धं वाटून झालं असताना मिक्सर बंद पडला. बायका हात पिवळे घेऊन बाहेर आल्या. मी पाळण्याजवळ जाऊन बाळाचं नाक कुणासारखं आहे याचा फारच बारकाईनं अभ्यास केला. एकदा सांत्वनाला गेलो होतो. मला वाटलं, आज तरी नाही. तिथे त्यांनी तोच प्रश्न हळू आवाजात विचारला, एवढाच काय तो फरक. आमच्या कॉलनीचा गार्ड तर मला फोन करूनच सांगे, "साहब, बाबूजी का घोड़ा आ गया." आमच्या मीटरला त्यांची गाडी आणि आमचा एसी एकदम झेपत नसे. सुधा त्यांना तोंडावर सांगे, आबा, तुमच्या गाडीपायी आम्ही उकडून निघतो. आबांना त्याचं काहीच वाटत नसे. "मग गच्चीवर बसू. वारा छान आहे." मे महिन्यातल्या ग्वाल्हेरच्या गच्चीवर वारा भट्टीतून सुटावा तसा सुटतो. आम्ही बसत असू.

लाज ही वस्तू या माणसाच्या घडणीतच नव्हती. ती सगळी आमच्या वाट्याला आली होती.

आणि मग मुग्धाचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा, निनाद, झाशीच्या मराठी घरातला. दोघं नोएडाला एकाच ऑफिसात होती आणि त्यांचं आपसात सगळं ठरलेलं होतं. राहिलं होतं ते घरच्यांनी घरच्यांना भेटणं. निनादची आजी, माई, अंथरुणावर होत्या, प्रवास करू शकत नव्हत्या. त्यांनी मुलगी पाहिल्याशिवाय पुढे काही नाही, असं त्या घराचं होतं. म्हणून आम्ही जायचं ठरलं. भर मे महिन्यात, आबांच्याच गाडीतून.

आदल्या दिवशी मुग्धा आजोबांसमोर हात जोडून उभी राहिली. "आबा, प्लीज, वहाँ पर नहीं. तिथे घोडंबिडं काही काढायचं नाही. मी मरून जाईन." आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शब्द दिला. झाशी इथून दोन तासांवर. गाडी पूर्ण भरून निघालो तर जाऊन येऊन वर उरते, असा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला. खाकी पिशवी खांद्यावरून डिकीत गेली. वाटेत दतियाच्या पुढे ते एकदाच पुटपुटले, "उपाशी नाही, पण रिकाम्या तोंडी जाणार बिचारी." आम्ही ऐकलं नाही असं दाखवलं.

निनादचे वडील वसंतराव फाटकातच उभे होते. उंच, बारीक, इस्त्रीचा पांढरा सदरा. नमस्कार झाले. आबांनी शब्द पाळला, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मुग्धानं सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात वसंतरावच आदबीनं म्हणाले, "आबासाहेब, आधी घोडं बांधून घ्यावं."

त्यांनी अंगणातल्या भिंतीकडे हात केला. तिथे नवा कोरा पॉवर प्लग बसवलेला होता. भोवतीचं सिमेंट अजून ओलसर होतं. निनादनं घरी आबांची गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली होती. वसंतरावांनी ती गंमत म्हणून ऐकलीच नव्हती. पाहुण्यांची अशी रीत असेल तर आपल्या दारात ती मोडायला नको, म्हणून त्यांनी मिस्त्री बोलावून प्लग लावून घेतला होता.

आबांनी आधी मुग्धाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अंगणातल्या कडुलिंबाकडे पाहिलं. आता नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा दाणा परत करणं. गाडी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. तिला एका युनिटचीही गरज नव्हती. आबांनी डिकी उघडली, केबल काढली, प्लगला लावली, आणि गाडीवरचा हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आजवर घोडं कुठं बांधू हे त्यांना विचारावं लागलं होतं. न विचारता सांगणारं हे पहिलंच घर.

बैठकीत मोठा कूलर सुरू होता. पोहे झाले, सरबत झालं, दोन्हीकडचे पूर्वज कुणाच्या तुकडीत होते याची उजळणी झाली. आबा आणि वसंतराव असे रमले, की लग्न त्या दोघांचंच ठरतंय असं वाटावं. माईंना कधी भेटायचं, असं सुधानं दोनदा विचारलं. वसंतरावांच्या पत्नी म्हणाल्या की त्यांचा डोळा लागलाय, थोड्या वेळानं. पाहुण्यांची गाडी भरून होऊन जाऊ दे, असंही त्या म्हणाल्या. गाडीचा आणि माईंच्या झोपेचा काय संबंध, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग बाहेर खांबाकडे फट् असा आवाज झाला. कूलर घरघरत थांबला. पंखा आणखी दोन फेऱ्या मारून निजला. जुन्या वायरला नव्या प्लगचा भार झेपला नव्हता. खांबापासून घरापर्यंतची वायर जळाली होती. वसंतरावांनी मिस्त्रीला फोन लावला. तो उद्या सकाळी येतो म्हणाला.

त्या शांततेत आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. सुधा कुणाला न विचारता उठून आत गेली आणि बाहेर आली ती थेट आबांजवळ. तिनं हळू आवाजात सांगितलं. माई जाग्या होत्या. घामानं चिंब होत्या. त्यांच्या सूनबाई मघापासून मधूनमधून आत जाऊन त्यांना वर्तमानपत्रानं वारा घालत होत्या. त्यांच्या खोलीतही कूलर होता, पण तो बंद. आपली गाडी लागली तेव्हापासून बंद. बैठकीतला कूलर, गाडी आणि माईंचा कूलर, तिन्ही एकदम चालत नव्हती, तेव्हा या लोकांनी तिसरा बंद केला होता.

आबांना लाज वाटलेली मी त्या दिवशी पाहिली. अनेक वर्षं मी तिची वाट पाहत होतो. मनातल्या मनात तिचा प्रवेश कितीदा तरी रंगवला होता, टाळ्यांसकट. प्रत्यक्षात ती आली तेव्हा मला बघवेना. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. ते उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "माझ्या घोड्यानं म्हातारीच्या तोंडचा वारा खाल्ला."

वसंतराव घाईघाईनं सांगू लागले की वायर मुळातच जुनी, चूक त्यांची, आधी तपासून घ्यायला हवी होती. आबा म्हणाले चूक माझी. निनाद म्हणाला की ती गोष्ट घरी सांगितली, तेव्हा चूक माझी. मुग्धा रडायलाच लागली होती. आपलं लग्न आता खांबावर जळून गेलं, अशा नजरेनं ती बाहेर बघत होती. त्या बैठकीत प्रत्येक माणूस शरमेनं खाली पाहत होता आणि आत माई खोकत होत्या.

आबा अंगणात गेले. मला वाटलं, केबल गुंडाळून निघायचं म्हणताहेत. मी मागोमाग गेलो. ते डिकीत वाकून काहीतरी शोधत होते. कोपऱ्यातून त्यांनी ते प्लास्टिकचं वेष्टन काढलं, दातांनी फाडलं आणि अडॅप्टर गाडीच्या तोंडाला लावला. "जावईबापू, माईंचा कूलर खिडकीशी सरकवा. आणि लांब वायर मागा त्यांच्याकडून." मी आणि निनादनं कूलर ढकलला. वायर तुळशीला वळसा घालून, खिडकीच्या गजांतून आत गेली. आबांनी बटण दाबलं. कूलर एकदा थरथरला, खोकला, आणि वाळ्याचा गार वास खोलीभर पसरला.

आबा मात्र उंबऱ्याबाहेरच थांबले. आत यायला तयार होईनात. माईंनी डोळे उघडले, वाऱ्याकडे तोंड केलं, मग हा वारा कुठून आला ते विचारलं. सूनबाईंनी सांगितलं. माईंनी दाराकडे पाहिलं.

"मुलीकडचे वीज घेऊन येतात हे मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. "आत या हो. किती वेळ चालेल तुमचं हे?"

म्हणजे रेंज विचारली होती. मी सवयीनं भिंतीला टेकलो. आता कंपनीचा कागद, रस्ता, मे महिना, पणजोबांची पागा. आबा आत गेले, पलंगापाशी हात जोडून उभे राहिले.

"तुम्ही म्हणाल तोवर," ते म्हणाले.

माईंनी मुग्धाला जवळ बोलावून घेतलं, तिचा हात हातात धरला आणि तो धरूनच त्या झोपल्या. पाहण्याचा कार्यक्रम एवढाच झाला. हात सुटेपर्यंत मुग्धा वाकून तशीच बसली होती.

आम्ही गाडी तिथेच ठेवली. किल्ली वसंतरावांच्या हातात देताना आबांनी चार्जिंगबद्दल एक शब्द काढला नाही. संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत आलो, सुधा आणि मुग्धा भारी साड्यांत, आबा दाराजवळ उभे, खांद्याला रिकामी खाकी पिशवी. केबलही गाडीबरोबरच राहिली होती. दोन दिवसांनी वायर बदलून झाल्यावर निनादनं गाडी आणून दिली आणि सोबत माईंचा होकारही.

त्यानंतर आबांनी तो प्रश्न कुणाच्याही दारात विचारला नाही. आमच्याकडे आले की गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून चालत येत. सुधा म्हणे, आबा, लावा ना इथे. ते म्हणत, भरलेली आहे. एकदा ते गाडी सुरू करत असताना मी काचेतून पाहिलं, पडद्यावर चौदा टक्के होते. पुढे गार्डनंच सांगितलं की बाबूजी हायवेच्या चार्जिंग स्टेशनवर बसलेले दिसतात, एकटेच. "साहब, अब घोड़ा इधर क्यों नहीं आता?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते गार्डला सांगण्यासारखं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही या माणसाला थोडी लाज वाटावी म्हणून झुरलो. ती वाटली, आणि आमच्या दारात येणारं एक वैभव बंद झालं.

थंडीत लग्न झालं, त्यात ते नाचले. त्याच थंडीत झोपेत गेले. गाडी आता आमच्याकडे असते.

या मे महिन्यात दुपारी गार्डचा फोन आला, "साहब, घोड़ा आया है." मी चमकून गॅलरीत गेलो. खाली एक निळी, नवी, विजेवरची गाडी उभी होती. दार उघडून वसंतराव उतरले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. त्यांनी मान वर केली. हसत होते, पण डोळे भरले होते.

"घोडं कुठं बांधू?"

मी खाली धावलो, त्यांची केबल स्वतः प्लगला लावली. मग त्यांना दिवाणखान्याच्या दाराशी जरा थांबवून आत गेलो आणि आवाज न करता एसी बंद केला. सुधानं ते पाहिलं आणि सरबताचे पेले काढले.

"आत नको," मी बाहेर येऊन म्हणालो, "गच्चीवर बसू. वारा छान आहे."