आंघोळीनंतर चाकाला हात नाही

थंडीत गोविंदगुरुजींची सायकल पंक्चर होत नाही, अशी बिर्ला नगरात ख्याती होती. त्यामागे मंत्रबिंत्र काही नव्हतं, निव्वळ चिकाटी होती. ग्वाल्हेरला गारठा पडला की रस्त्याच्या कडेला शेकोट्या पेटतात, आणि लाकूड संपलं की लोक खुशाल जुने टायर त्यात ढकलतात. सकाळी राख उरते आणि राखेत बारीक पोलादी तारा. दवानं ओल्या झालेल्या चाकाला त्या चिकटतात आणि फेऱ्यागणिक आत घुसतात. म्हणून गुरुजी रस्त्याच्या कडेनं जायचे नाहीत. संध्याकाळी न चुकता हवा बघायचे, कारण थंडीनं हवा बसते आणि मऊ टायरमध्ये काहीही चटकन रुततं. राख ओलांडावीच लागली, तर लगेच उतरून चाकावरून तळहात फिरवायचे.

मात्र हा शेवटचा नियम पूजेच्या दिवशी बाद. आंघोळ झाली की कार्य उरकेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही, हा वडिलांचा दंडक. बाकीचं सोवळं काळानं केव्हाच कुरतडलं होतं. एवढं एकच शिल्लक होतं, आणि शिल्लक उरलेलं माणूस फार घट्ट धरतो.

"अहो, हातमोजे घालून पुसा की," त्यांची बायको शामला म्हणायची.

"प्रश्न मोज्यांचा नाही," गुरुजी म्हणायचे. मग कशाचा, ते त्यांनी बत्तीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

त्या माघातल्या सकाळी अवंतिकाचं लग्न होतं. तिची आई हेमांगी दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दुखण्यात तिनं गुरुजींना बोलावून घेतलं होतं. "माझ्या पोरीच्या डोक्यावर मंगलाष्टकांच्या अक्षता पडू देत. तुमच्याच आवाजात," असं ती म्हणाली आणि गुरुजींनी शब्द दिला. मुलाकडचे हिंदी भाषिक. त्यांचे फेरे रात्री, त्यांच्या पंडितजींच्या हातून. मराठी विधीला त्यांनी सकाळ सोडली होती, मुहूर्त आठ वाजून अकरा मिनिटांचा. मुलाच्या काकांनी स्वच्छ बजावलं होतं, "आठ ग्यारह निकल गया, तो फिर रात को ही. हमारे रिवाज से."

मुलीचे वडील राघव गाडी पाठवतो म्हणाले होते. गुरुजींनीच ऐटीत नको म्हटलं. "माझी सायकल थंडीत दगा देत नाही."

सातला ते निघाले. धुकं असं दाट की सायकलची घंटा दिसावी, पुढचं चाक दिसू नये. हजिऱ्याच्या चौकापुढे चाकाखाली काहीतरी चुरचुरलं. राख! कडेची शेकोटी रस्त्यापर्यंत पसरलेली त्यांना दिसलीच नव्हती.

आणि लगेच सुरू झालं. टक्. एक फेरी. टक्. पुढच्या चाकात रुतलेली तार मडगार्डला लागत होती.

आत्ता उतरून उपटली तर ट्यूब वाचेल, हे गुरुजींइतकं त्या शहरात कोणाला ठाऊक नव्हतं. दोन बोटांचं काम. त्यांनी ब्रेक दाबला, पाय टेकला, हात चाकापर्यंत नेला आणि मागे घेतला. हेमांगीच्या मुलीचं लग्न ओवळ्यानं लावायचं? ते पुन्हा पेडल मारू लागले. टक्. टक्. पडावच्या चौकापाशी आवाज थांबला तेव्हा त्यांना हायसं वाटलं, पण क्षणभरच. तार पडली नव्हती, पुरती आत गेली होती.

फूलबागेपाशी चाक बसलं. सात पस्तीस.

राघवना फोन लावला. घंटा वाजत राहिली, तिकडे बँडच्या गदारोळात कोण ऐकतो? रिक्षा नाही, माणूस नाही. चालत जावं तर साडेआठ. पिशवीत पंप होता, नवी ट्यूबही होती, पण आखडलेल्या बोटांनी ती बदलायला अर्धा तास सहज गेला असता. एकच वाट उरली होती. तार तशीच ठेवायची, म्हणजे भोक तिनंच थोडंफार बुजतं, आणि हवा भरत भरत जायचं. त्यासाठी चाकाला हात लावणं भाग होतं.

"बाबा, क्षमा करा," असं मोठ्यानं म्हणून गुरुजी धुक्यात गुडघ्यावर बसले.

हवा भरायची, तीन-चारशे पावलं जायचं, पुन्हा उतरायचं. पंप गार, हात काळे, धोतराला चिखल. साठीच्या गुडघ्यांनी किती वेळा उठबस केली, ते त्यांनी मोजलं नाही. आपण हात मागे घेतला तेव्हाच शब्द मोडला, हे एकच डोक्यात घणाघणा वाजत होतं. सिटी सेंटरच्या हॉलच्या दारात सायकल टाकली तेव्हा आठ वाजून सात मिनिटं झाली होती.

नळाखाली हात धरले. पाण्यानं बोटं बधिर झाली, काळं तसूभर हललं नाही.

"राघव, माझं सोवळं मोडलंय," गुरुजी म्हणाले. "आंघोळीला वेळ नाही. आता तू म्हणशील तसं."

राघव घड्याळाकडे बघत उभे राहिले. मुलाचे काका जवळ सरकले. बोहल्यावरून अवंतिकाच कडाडली, "गुरुजी, आईनं आवाज मागितला होता ना तुमचा? हात नव्हते मागितले. चलो, जल्दी!"

अंतरपाटाचं एक टोक मुलीच्या मामांनी धरलं, दुसरं गुरुजींनी. आठ अकराला त्यांचा स्वर लागला. पहिल्या ओळीला थरथरला, दुसरीला सावरला, आणि मग हॉलमधले हिंदी पाहुणेसुद्धा गप्प झाले. अक्षता पडल्या.

अंतरपाट दूर झाला तेव्हा पांढऱ्या कापडावर, कुंकवाच्या स्वस्तिकाच्या बाजूला, पाच काळी बोटं स्पष्ट उमटलेली होती. गुरुजी शरमेनं अर्धे झाले. "दे, घरी नेऊन धुऊन आणतो," ते पुटपुटले.

"धुवायचा नाही," अवंतिकानं कापड हातात घेतलं. "आईच्या फोटोपाशी ठेवायचाय."

गुरुजींनी काळे हात उपरण्याखाली लपवले होते. ते त्यांनी बाहेर काढले आणि तिच्या डोक्यावर ठेवले.