आईने दिलेली काळी कढई
अंबाडीच्या भाजीचा आंबट वास आला की आजही माझं डोकं तापतं. लग्नात आईने मला काळी ॲनोडाइझ्ड कढई दिली होती. अशा कढईवरचा काळा थर आंबटाला आतल्या ॲल्युमिनियमपर्यंत पोचू देत नाही. एकदा मी माहेराहून, कारंज्याहून परतले, तर सासूबाईंनी ती धुण्याच्या सोड्यात उकळून, काथ्याने घासून पांढरीफटक केलेली. "तुह्या मायनं भांडे घासाले शिकवलं नाई काय वं? केवढी काजळी!" मी त्याच कढईत अंबाडी शिजवली. पहिल्याच घासाला धातूची चव लागून त्यांनी तोंड वाकडं केलं, "भाजी कळकली काहून?" मी सासूबाईंना म्हटलं, "थे काजळी नव्हती, आत्याबाई. भाजीले थेच राखत होती." आता सासूबाई नाहीत, कढईही मोडीत गेली, माझ्या आईला बोललेलं तेवढं मनातून जात नाही.