डबे मोजले, मी राहिले

इंटरनेट आमच्या कडा गावच्या दुकानात आलं ते एसटीडी बूथच्या काचेच्या खोपटात. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आल्यावर बूथ ओस पडला, तेव्हा ह्यांनी किराण्याच्या हिशेबासाठी तिथं कॉम्प्युटर बसवला. हिशेब काही त्यावर चढला नाही. चढले मी! दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की काचेचं दार ओढून घ्यायचं आणि ऑनलाइन डायरी लिहायची, तीही मराठीत. आपण लिहिलेलं दुबईत बसलेली कुणी बाई वाचते, या नुसत्या विचारानं मला जेवण सुचत नसे.

आम्ही मोजके डायरीवाले एकमेकांचं वाचायचो. नियम एकच, नागपूरच्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी घालून दिलेला. वाचून झालं की दोन गोष्टी सांगायच्या: कुठं आवडून थांबलात आणि कुठं जांभई आली. मला हे कुठलं जमायला! आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी सगळ्यांच्या लिखाणावर तीच साखर पेरत सुटले. 'लई भारी', 'डोळ्यांत पाणी आलं'. शेवटी बाईंनी लिहिलं, "ताई, तुमच्या साखरेनं आम्हाला मधुमेह होईल. जांभई कुठं आली ते सांगा." मला असा राग आला! त्या तिरीमिरीत मी त्यांच्याच लेखाखाली लिहिलं की सुरुवातीचं सगळं सूर्योदयाचं वर्णन काढून टाकलं तरी चालेल. त्यांनी काढलं. आणि लेख खरंच सुधारला हो! त्या दिवशी मी खोपटात एकटीनंच टाळ्या पिटल्या.

मग मी आमच्या कपिलधारच्या सहलीवर लिहिलं. धबधबा, दर्शन, भाजी-भाकरी, सासरचं गोकुळ. बाईंची जांभई हजर: "जीप सुटली आणि आम्ही संध्याकाळी घरी पोचलो, या दोन वाक्यांमध्ये तुम्ही काहीतरी दडवलंय."

माझ्या अंगावर काटा आला. नागपुरात बसून या बाईला कसं कळलं? जीप सुटली तेव्हा मी जीपमध्ये नव्हतेच. मी पायऱ्यांपाशी चप्पल शोधत होते. निघताना सासूबाईंनी विचारलं, "समदे डबे आले नव्हं?" ह्यांनी मोजून सांगितलं, "आले." सुटली जीप. डबे मोजले, झाकणं मोजली, बाई कुणी मोजली नाही! वाटेत मांजरसुंब्याला चहाला उतरल्यावर एक कप उरला, तेव्हा कुठं मंडळींना आठवण झाली.

हे लिहायचं म्हणजे पंचाईत. कॉम्प्युटर ह्यांचा, दुकान ह्यांचं. चारचौघांत घरची अब्रू काढली असं ह्यांना वाटलं, तर काचेचं दार मला कायमचं बंद. डायरी गेली, बाई गेल्या, दुबई गेली. पण हात शिवशिवत होते. लिहिलं, अगदी दात-ओठ खाऊन लिहिलं. सगळे म्हणाले, थांबलो, थांबलो! बाई तेवढ्या म्हणाल्या, "राग फक्कड उतरलाय. पण जीप परत येईपर्यंत तुम्ही काय केलंत? तिथं घाई झाली."

काय केलं होतं मी? आठवायला बसले आणि मलाच हसू फुटलं. मी पाण्यात पाय सोडून बसले होते. तिखट-मीठ लावलेला पेरू घेतला होता आणि कुणाला फोड न देता अख्खा खाल्ला होता. कुणी पाणी मागितलं नाही, कुणी हाक मारली नाही. लग्न झाल्यापासून एवढी निवांत मी कधी बसलेच नव्हते. रागाच्या खाली हा आनंद दडून होता आणि माझा मलाच पत्ता नव्हता! सगळं लिहिलं, जीप दिसली तिथं थांबले आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी लेखाखाली माझ्याच नावानं अभिप्राय. दुबईवाली विचारतेय, "ताई, स्वतःच स्वतःला?" ह्यांचं खातं नव्हतं, माझंच उघडं राहिलं होतं. एका बोटानं टाइप केलेलं असणार:

"थांबलो पेरूपाशी. जांभई आली न्हाई. पन एक राहिलं. मी परत आलो तवा तुला बरं वाटलं का, ते लिहिलंच न्हाईस."

खाली बाईंचं लगेच, "माझाही हाच प्रश्न!"

मी काचेतून बघितलं. हे माझ्याकडे पाठ करून गिऱ्हाइकाला शेंगदाणे जोखत होते. कान मात्र सगळे खोपटाकडे. मी दार उघडलं.

"जरा लवकर आलात," मी म्हणाले.

तराजूतले शेंगदाणे सांडेपर्यंत हे हसले.