पडद्यामागून दिलेला हुंकारा

मला जपानी भाषेचं एक अक्षर येत नाही, तरीही मी जपानीची तोंडी परीक्षा दिलेली आहे.

त्याचं असं झालं. आमची रोहिणी पुण्याला विद्यापीठात जपानी शिकते. ही बातमी मी गल्लीत सांगितली तेव्हा शेजारच्या धनानानांनी डोक्यावरची टोपी काढून विचारलं, "आठे आपला गावमा जपानी कोनासंगे बोलनार शे ती?" प्रश्न बिनतोड होता. पण पोरगी जिद्दीची! सुट्टीत घरी आली की गोठ्यात जाऊन म्हशीशी जपानीत बोलायची. (म्हशीने पान्हा चोरला नाही, म्हणजे उच्चार चांगलेच असणार.) तापीकाठची ही पोर ती चित्रांसारखी अक्षरं भराभरा लिहायची आणि मी शेजारी बसून नुसता बघत राहायचो.

यंदा ती सारंगखेड्याच्या जत्रेला घरी आली, पण तोंड उतरलेलं.

"पप्पा, माले वाचता येस, लिखता येस. पन कोनी बोली ऱ्हायनं का मी चूप बसस. सेन्सेई म्हनतस, तू ऐकस का नही तेच समजत नही."

सेन्सेई म्हणजे तिच्या जपानी बाई. जपानात म्हणे समोरचा बोलत असताना ऐकणाऱ्याने मधूनमधून "हो, हो", "असं का!" करत राहावं लागतं. गप्प बसलात तर तुमचं लक्ष नाही. आणि आम्ही पोरीला लहानपणापासून काय शिकवलं? मोठी माणसं बोलताना हूं का चूं करायचं नाही!

"अय पोरी, हाऊ तं आपला हुंकारा!" मी ओरडलोच. आमच्याकडे शेकोटीपाशी कुणी गोष्ट सांगायला बसला की एकाने हुंकारा द्यावाच लागतो. "हां... मंग?" असं कुणी म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. आणि या कामात अख्ख्या गावात माझा हात धरणारा कुणी नाही. मी लगेच शिकवणी सुरू केली. मी जत्रेतल्या घोड्यांच्या गोष्टी सांगायचो, ती जपानीत हुंकारा द्यायची. पोरगी दोन दिवसांत तयार झाली.

परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर. सेन्सेई एक प्रसंग सांगणार, रोहिणीने ऐकायचं आणि मग त्यावर बोलायचं. पास झाली तर सहा महिने जपानात, तिथल्या विद्यापीठात! वर्गातून एकच जण जाणार होता.

"तुम्ही ढोरेसकडे जा आते," बायकोने फर्मान काढलं. (गेलो. परत आलो.) पडद्यामागे उभा राहिलो, श्वास रोखून.

सेन्सेईबाई दिसल्या, वाकल्या. रोहिणी वाकली. पडद्यामागे मीही वाकलो. बाई सांगू लागल्या. काय गोड आवाज! चढ काय, उतार काय! आणि ऐन रंगात आल्यावर त्या थांबल्या.

रोहिणी गप्प! भीतीने पार दगड झाली होती.

बाई वाट बघतायत, पोरगी बघतेय, गोष्ट अधांतरी लटकलीय. मी किती सोसणार? तोंडातून निघून गेलं, "हां!"

बाई दचकल्या, पण पुढे बोलू लागल्या. पुन्हा थांबल्या. "मंग?" माझ्या पाठोपाठ पडद्यामागे आलेल्या बायकोने मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा बाईंचा आवाज एकदम खाली गेला आणि मी म्हणालो, "अरे बापरे!" (काय झालं होतं देव जाणे, पण काहीतरी वाईटच झालं असणार.)

बाईंनी गोष्ट थांबवली. काहीतरी विचारलं. रोहिणीने उठून पडदा ओढला आणि बनियन-लुंगीतला मी थेट जपानी शिक्षणव्यवस्थेसमोर उभा राहिलो. गेलं जपान, मला वाटलं. पोरीची तीन वर्षांची मेहनत मी तीन हुंकाऱ्यांत बुडवली!

पण रोहिणी हसली. आणि मग जी बोलत सुटली! हात हलवत, माझ्याकडे बोट दाखवत, न अडखळता. शेकोटी आली असावी, जत्रेतले घोडे आले असावेत, कारण मध्येच तिने लगाम ओढून दाखवला. बाई पुढे सरकून "ए... ए..." असा हुंकारा देत होत्या. मग त्या बोलू लागल्या आणि आता रोहिणी त्यांना हुंकारा देऊ लागली, नेमका हवा तिथे. मला एक शब्द कळला नाही. पण आपली पोर सातासमुद्रापलीकडच्या माणसाशी मनातलं बोलतेय, एवढं कळलं आणि मी तिथेच लुंगीच्या टोकाने डोळे पुसले.

रोहिणीची निवड झाली. सेन्सेईंनी निरोपात खास लिहिलं होतं, "तुझ्या वडिलांइतका मन लावून ऐकणारा माणूस मी पाहिला नाही."

मी हा निरोप रोहिणीकडून मराठीत लिहून घेतला आणि गल्लीभर वाचून दाखवला. संध्याकाळी पेपर उघडून बसलो होतो, तर बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी.

"त्या बाईनं बोलनं काही समजनं नही तरी हुंकारा देत व्हतात! आनि मी रोज अहिरानीमा बोलस, तवय तुम्हना कान कोठे जातस?"

मी पेपर जरासा खाली केला आणि म्हणालो, "काय म्हनी तू?"