लिलाबाईंची थुंकी

माझी पुतणी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. तिनं परवा सांगितलं की माणसाच्या थुंकीतलं विकर, म्हणजे एन्झाइम, आता जिवाणूंकडून बनवून घेतात आणि ते इवल्याशा कुपीत, बर्फात बसून तिच्या टेबलावर येतं. मी म्हटलं, आमच्या अकोल्याकडच्या मालेगावच्या शाळेत ते एकदा आपल्या पायांनी चालत आलं होतं, हातात खराटा घेऊन. ती हसली. तिला वाटलं, काका नेहमीसारखे फेकताहेत. म्हणून लिलाबाईंबद्दल लिहायला बसलो.

लिलाबाई आमच्या प्रयोगशाळेत शिपाई होत्या. मूळच्या केनवडच्या, बौद्ध. आवाज असा की शाळेला घंटा नसती तरी भागलं असतं. नळ्या धुता धुता त्या बरणीतल्या बेडकांशीही गप्पा मारत. सरांना धाकात ठेवत आणि आम्हाला लाडात. कोणी नापास होऊन रडायला लागला की त्याच्या हातात फडकं देऊन टेबलं पुसायला लावत. पुसून होईपर्यंत रडू आटलेलं असे. आमच्या मुख्याध्यापकांपेक्षा शाळेला त्यांचीच गरज जास्त होती, हे मी आजही कुठेही सांगेन.

अठ्ठ्याहत्तर साली आमची बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. स्टार्चच्या पाण्यात आयोडीन टाकलं की ते निळं-काळं होतं. पण त्यात आधी माणसाची थुंकी घालून थोडा वेळ थांबलं, तर थुंकीतलं विकर स्टार्चची साखर करून टाकतं आणि मग निळा रंग येत नाही. एवढंच दाखवायचं होतं. थुंकी ज्याची त्यानं आणायची, म्हणजे तोंडातच.

माझ्या शेजारच्या टेबलावर केनवडच्या पाटलांची रुख्मिणी होती. अभ्यासात आम्हा सगळ्यांच्या वरचढ. तिला अकोल्याला जाऊन पुढं शिकायचं होतं. पण बापानं बजावलं होतं की विज्ञानात गचकलीस तर वैशाखात लग्न. रिसोडचा मुलगाही बघून ठेवला होता. आता समोर बाहेरगावचे परीक्षक उभे आणि पाटलाची पोर परक्या पुरुषासमोर थुंकणार कशी? लाजेनं आणि भीतीनं तिच्या तोंडाला कोरड पडली.

लिलाबाईंना ते बघवेना. खिडकीजवळ झाडल्यासारखं करत त्या आल्या आणि पदराच्या गाठीतलं चिंचेचं बोटूक हळूच तिच्या हातात देऊन गेल्या. चिंच तोंडात गेली आणि नळी पाहता पाहता भरली. लिलाबाई मला डोळा मारून पुढे झाडत गेल्या.

पण आयोडीनचा थेंब टाकला तर पाणी निळं. थांबून पुन्हा टाकला, तरी निळं. परीक्षक आले, त्यांनी नळी नाकाशी नेली. ते काही विचारायच्या आत लिलाबाईच पुढं झाल्या.

"चिंच म्या देल्ली, साहेब. पोरीचा गुन्हा नाही."

परीक्षक भले माणूस होते, त्यांना हसू आवरेना. आंबटानं विकराचं काम थांबतं, हे त्यांनी समजावलं आणि वेळ संपायच्या आत नव्यानं करायला सांगितलं. रुख्मिणीनं चुळा भरल्या. पण आता डोळ्यांतून धार आणि तोंडात काहीच नाही. शेवटी परीक्षकच म्हणाले की थुंकी माणसाची असली म्हणजे झालं, कोणाचीही चालेल.

मी लगेच पुढं सरसावलो होतो. पण मुलाची थुंकी पाटलाच्या पोरीच्या नळीत म्हणजे केनवडात कुऱ्हाडी निघाल्या असत्या. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. नळी घेऊन ती सरळ लिलाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, थुंका याच्यात."

लिलाबाई मागं सरकल्या. पाटलाच्या वाड्यात त्यांच्या हातचं पाणीही चालत नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

"अवं पोरी, माही थुंकी? तुह्या बाले कळलं तं?"

"मीच सांगीन त्याले. थुंका, मावशी, वेळ जाऊन राह्यला."

आणि गंमत अशी की, ज्या बाईचं तोंड आम्ही कधी बंद पाहिलं नव्हतं, त्या बाईच्याच तोंडाला कोरड पडली. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला, पदरानं डोळे पुसले, गालातल्या गालात जीभ फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळानं नळीत थोडं जमलं. रुख्मिणीनं ती नळी कोमट पाण्यात धरली. थेंब टाकला. निळं झालं नाही.

संध्याकाळी सामान आवरायला मी थांबलो होतो. लिलाबाई सगळ्या नळ्या धुऊन उपड्या घालत होत्या, आज अगदी गुपचूप. मी विचारलं, एवढ्या गप्प काहून?

"माही सासू पाटलाच्या दारावरून जाये, तवा खोकला आला तरी गिळून घे," त्या म्हणाल्या. "अन् आज त्याच घरच्या पोरीनं माही थुंकी काचीत जपून धरली, घड्याळाकडे पाह्यत."