वहिनीची निळी पट्टी

अण्णाचा फोन आला तेव्हा मी अर्धी दाढी करून आरशासमोर उभा होतो. "सुलभा गेली रे," एवढंच तो म्हणाला, आणि पुढे नुसता त्याचा धापेचा श्वास ऐकू येत राहिला... अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि सुलभा वहिनी त्याची बायको. पंधरा दिवसांपूर्वीच साखळीला जाऊन तिला भेटून आलो होतो. खाटेवर बसून चहात पाव बुडवून खात होती आणि मला पाहिल्या पाहिल्या म्हणाली, "भावजी, दारात कुत्रो निजलो हा, त्येका ओलांडून इलात? शूर झालात मगे!" मी कसला ओलांडतोय! मागच्या परसातून, गटारावरून उडी मारून आलो होतो, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. ते तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पोट धरून हसली असती.

मी कुत्र्याला भितो, हे इथे आधीच सांगून टाकतो. लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. सातव्या वर्षी मला कुत्रा चावला आणि पोटात चौदा सुया घेतल्या. तेव्हापासून लांबवर भुंकणं ऐकू आलं तरी माझ्या बेंबीभोवती कळ येते. अशा माणसाच्या नशिबी वहिनी आली तीही अशी! माहेर बांद्याकडचं, बोलणं जन्मभर मालवणी, आणि साखळीच्या बाजारामागे भाड्याच्या दोन खोल्यांत शाळेचे युनिफॉर्म शिवायचं तिचं काम. अण्णाला दमा. घरमालकिणीची पहिली अट, घरात जनावर आणायचं नाही. त्यामुळे वहिनीने आयुष्यात एक दिवसही कुत्रा पाळला नाही, आणि तरी आमच्या भागातल्या निम्म्या कुत्र्यांना तिच्या पावलांचा आवाज कळायचा.

गोवा राज्य होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. पाळी गावाच्या रस्त्याला खनिजाच्या ट्रकांची रांग लागलेली असायची आणि रोज एखादं कुत्रं चाकाखाली यायचं. मांद्र्याला काही माणसांनी मिळून जखमी कुत्र्यांसाठी एक शेड उभी केली होती. त्यांची गाडी एकदा साखळीला आली तेव्हा वहिनी आपण होऊन त्यांच्याकडे गेली. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बरं होईपर्यंत एखादं घरी ठेवाल का?" वहिनी म्हणाली, "ता काय माका जमाचा नाय. दुसरा काय ता सांगा." आणि हे 'दुसरा काय ता' पुढे तीस वर्षं पुरलं. गोणपाटात चिंध्या भरून तिने शेडसाठी गाद्या शिवल्या. पोदेर सकाळी पाव विकून परतायचा तेव्हा त्याच्या टोपलीतले उरलेले पाव तिच्या पिशवीत यायचे. रेबीजच्या लशी थंड ठेवाव्या लागतात, म्हणून पणजीहून बर्फाच्या थर्मासात घालून तो थर्मास मांडीवर घेऊन ती बसमधून यायची. शेजारचा प्रवासी झोपेत कलंडला तरी थर्मासावर हात म्हणून पडू द्यायची नाही. टोचताना कुत्र्याचं तोंड दाबून धरणं हेही तिचंच काम. मी लांबून, बंद खिडकीच्या फटीतून बघायचो.

टोचलेलं कुत्रं ओळखू यावं म्हणून गळ्यात पट्टी बांधायची युक्तीही तिची. आधी लाल कापडाच्या बांधल्या, तर गावात बोंब... कुणीतरी उतारा करून कुत्री सोडलीत म्हणून! लोक त्या कुत्र्यांच्या वाटेला जाईनात, दगड मारून पिटाळायला लागले. मग वहिनीने युनिफॉर्मच्या उरलेल्या निळ्या कापडाच्या पट्ट्या शिवल्या. "आता हे सगळे आमच्या शाळेचे विद्यार्थी," असं हेडमास्तर चिडवायचे. पट्टीचा अर्थ सांगणारा मराठी कागद तिने देवळाबाहेर लावला, तर एकजण भांडायला आला, कोकणीत का नाही? त्या दिवसांत मराठी-कोकणी वादाचं वारंच होतं. वहिनी म्हणाली, "कुत्र्यांका दोनय वाचूक येनत नाय. तुमी कोकणीत लिवा, मी बाजूक लावतंय." आणि खरंच लावला.

त्या पट्टीमुळे एक मोठी गोष्ट झाली. आमच्या गावात जत्रेआधी दोन दिवस पंचायतीचा माणूस विष कालवलेले मांसाचे गोळे टाकत फिरायचा. वहिनीने सरपंचांच्या घरी खेपा घालून शब्द मिळवला, निळी पट्टी असेल ते कुत्रं मारायचं नाही. त्याला बांधून ठेवायचं आणि मग गोळे टाकायचे. ज्याच्या गळ्यात पट्टी, तो वाचला. आणि ज्याच्या गळ्यात पट्टी, त्याच्याजवळ पोर गेलं तरी आई हाक मारीनाशी झाली. म्हणजे एका चिंधीवर कुत्र्याचाही जीव होता आणि माणसाचाही.

जत्रा दोन दिवसांवर आली होती. माझी मुलगी रश्मी तेव्हा सहा वर्षांची. देवळामागे तांबू नावाचं एक कुत्रं असायचं, गोळ्यांपायी त्या दिवशी बांधून ठेवलेलं, त्याच्या शेपटीवर तिचा पाय पडला आणि तो तिच्या पोटरीला कडकडून चावला. मी घाबरून किंचाळलो, पोरीपेक्षा मोठ्याने. पण शैला, माझी बायको, म्हणाली, "पट्टी आहे हो त्याच्या गळ्यात." झालं! जिवात जीव आला. हळद दाबली, फडकं बांधलं. दवाखान्यात न्यायचा विचारही केला नाही. माझ्यासारख्या भित्र्यालाही त्या निळ्या पट्टीचा एवढा भरवसा होता.

चावल्याची बातमी साखळीला पोचली, तशी दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास वहिनी आली. बस वाटेत बंद पडली म्हणून पुढचं अंतर चालत, धुळीने लालभडक होऊन. दारातूनच म्हणाली, "रश्मीक खयचो कुत्रो चावलो? तांबू?" मी म्हटलं, हो, पण पट्टी आहे. ती मटकन ओट्यावर बसली. "भावजी, ती पट्टी मी बांधलंय. त्येका सुई दिलेली नाय." मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. लशी संपल्या होत्या, तांबू आणि आणखी दोन राहिले होते आणि सकाळी गोळे पडणार होते. "मरतले म्हणान बांधलंय. जत्रा झाली की सुई देवया म्हटलंय..." त्या दिवशी मी वहिनीला पहिल्यांदा अगंतुगं केलं. म्हणालो, "पोरीचं काही बरंवाईट झालं तर तुझं तोंड बघणार नाही मी." ती उठली, रश्मीची जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पुन्हापुन्हा धुतली, आणि तिला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे चालू लागली. मी मागून धावत होतो.

डॉक्टर म्हणाले, सुया आजपासून सुरू, पण कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. जगला तर काळजी नाही. मेला किंवा पळाला तर... आता तांबूला ठेवायचं कुठे? वहिनीच्या घरी शक्य नव्हतं, दुसरं कुणी दारात उभं करीना. शेवटी माझ्याच अंगणात फणसाला साखळीने बांधला. चारपाचजण दांडे घेऊन आले. "मारून उडोवया, सोंपलें," शेजारचा बाबलो म्हणाला. वहिनी कुत्र्याच्या पुढ्यात उभी राहिली. "मारलास तर ह्या चेडवाचा, रश्मीचा, काय ता कसा कळतला?" दांडे खाली आले.

ते दहा दिवस मी काय सांगू! रोज सकाळी पहिल्या बसने वहिनी यायची, वाडग्यात पाणी ओतून तांबूपुढे सरकवायची, आणि आम्ही तिघं श्वास रोखून बघायचो. पिसाळलेलं कुत्रं पाणी गिळू शकत नाही, एवढंच आम्हाला माहीत. तो लपलप प्यायला की शैला देवापुढे हात जोडायची आणि मी रश्मीला सुईला घेऊन जायचो. पोटावर सुई टोचताना ती माझ्याकडे बघायची आणि मी भिंतीकडे. घरी आलो की तिला पाणी द्यायचो आणि तिचा गळा बघत राहायचो, उतरतंय ना घोट. सहाव्या दिवशी तांबू पाणी प्यायला नाही. वाडग्याशी नाक नेलं आणि मान झटकून मागे सरला. शैलाने तोंडात पदर कोंबला. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला, पण ती पुढे गेली, वाडगा उचलला, वास घेतला. "ह्यो कोणी धुतलो?" मी धुतला होता! भीतीपोटी, आदल्या संध्याकाळी, फिनेल ओतून. तिने करवंटीत ताजं पाणी दिलं आणि तांबू सगळं प्यायला. वहिनी मग फणसाच्या मुळाशी बसून हमसून हमसून रडली. मी तिच्या जवळ गेलो नाही. कुत्रा तिच्या मांडीला टेकून बसला होता, हे एक कारण. दुसरं, मी अजून रागात होतो.

दहा दिवस गेले. तांबू खडखडीत राहिला, डॉक्टरांनी उरलेल्या सुया थांबवल्या. वहिनीने मांद्र्याहून लस मागवून तांबूला आणि त्या दोघांना टोचली. इथे सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण वहिनी पंचायतीच्या सभेत गेली आणि उभी राहून म्हणाली, तीन पट्ट्या खोट्या होत्या, चूक माझी, आता सुई दिली आहे. मी मागच्या बाकावर बसलो होतो. एकच गदारोळ उठला. एकाची खोटी तर बाकीच्यांची खरी कशावरून? सरपंचांनी शब्द मागे घेतला. माझ्या पोरीला चावलेलं कुत्रं होतं, मी उठून बोललो असतो तर लोकांनी ऐकलं असतं. दोनच वाक्यं तर होती... ही बाई सांगायला आली म्हणून माझी पोर वेळेत दवाखान्यात गेली. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. माझी जीभ उचलली नाही. राग होता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. राग नव्हता, भीती होती. भरल्या सभेची भीती. शिगम्याआधी, होळीच्या तोंडावर, गोळे पडले. पट्टीवाली अकरा कुत्री गेली, त्यात तांबूही.

वहिनी मला याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. तिने पहिल्यापासून सुरुवात केली. दारोदार गेली, ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर टोचायला लागली, आणि प्रत्येक कुत्र्यानंतर रस्त्यात उभी राहून खड्या आवाजात ओरडायची, "ह्येका दिली!" सुटून पळालं तर तेवढ्याच मोठ्याने, "ह्येका नाय दिली! पोरांका सांभाळा!" लोक हसायचे. पुढे हसेनासे झाले, ऐकायला लागले. विषाचे गोळे बंद व्हायला सहा वर्षं लागली.

वहिनीच्या बाराव्या-तेराव्याचं सगळं उरकल्यावर मांद्र्याची माणसं अण्णाला भेटायला आली. मी त्यांना म्हटलं, कुत्रा पाळणार नाही, हातही लावणार नाही, दुसरं काय ते सांगा. गेल्या रविवारी त्यांनी मला पाळीला नेलं आणि वहिनीच्या जागी उभं केलं. एक काळा कुत्रा पट्टी बांधून झाल्यावर सुई देण्याआधीच निसटला आणि दुकानाखाली घुसला. टोचणारा दमला होता, म्हणाला, "राहू दे काका, पुढच्या खेपेला बघू." दुकानासमोर वीसेक माणसं उभी. दोन मुली बिस्किट घेऊन त्याच्याकडे वाकलेल्या. बेंबीपाशी तीच जुनी कळ... आणि मी ओरडलो, "हाका सुई दिवंक ना! भुरग्यांक पयस करात!" आवाज चिरकला. बायकांनी मुलींना ओढून घेतलं, दुकानदार मला शिव्या घालू लागला, सगळा रस्ता माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा ओरडलो.