बंपरवरचा श्री

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. अमरावतीत वडिलांना न विचारता मुंजीचा मुहूर्त धरणारं घर आमच्या भागात तरी नव्हतं. त्यांचा धाकटा मुलगा मात्र अकोल्याला जाऊन टिनाच्या छपराखाली ट्रक रंगवायला लागला. तो मुलगा म्हणजे मी. एकोणीसशे साठ उलटून गेलं होतं, सरकीच्या आणि कापसाच्या गठाणींच्या ट्रक रस्त्याने वाढत होत्या, आणि मला पूजेच्या चौरंगापेक्षा रंगाच्या डब्याचा वास जास्त आवडायचा. यात कोणाचा अपमान होता असं मला अजूनही वाटत नाही.

वडिलांना वाटला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडून मोकळा झालो असतो, माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असे. ते फक्त एवढं म्हणाले, "तुझ्या त्या टिनाखाली माझा पाय लागायचा नाही." आणि त्यांचा शब्द म्हणजे पंचांगात छापल्यासारखा. मी घरी गेलो की जेवण व्हायचं, बोलणं व्हायचं, पाऊसपाण्याची चौकशी व्हायची. दुकानाचं नाव कोणी काढत नसे. मी बाहेर कोणाला दाखवलं नाही, पण ते एकदा यावेत, टिनाखाली उभे राहावेत आणि बरं चाललंय म्हणावेत, एवढंच मला हवं होतं. गिऱ्हाइकांनी केलेल्या कौतुकाने ती भूक भागत नव्हती.

त्या वर्षी माझ्या डोक्यात खरखरीत रंगाचं खूळ शिरलं होतं. कापसाच्या एका जिनात नवं यंत्र आलं होतं, त्याच्यावरचा काळा रंग पापडासारखा सुरकुतलेला होता. हात फिरवला तर खरखरीत लागे, पण लोखंडी आकडा घासला तरी ओरखडा दिसत नसे. तसला रंग आमच्याकडे मिळत नव्हता. मग मी आपला उपाय काढला. जाड काळा रंग द्यायचा, तो चिकट असतानाच पूर्णा नदीची चाळलेली वाळू मुठीने मारायची, सुकली की झटकायची आणि वरून पुन्हा रंग द्यायचा. जुन्या डब्यांवर करून पाहिलं, छान जमलं. आता खरी ट्रक हवी होती.

ती घेऊन आला तिवशाकडचा एक शेतकरी. घरची काळी जमीन, भावाभावांत मिळून घेतलेली ट्रक, आणि तिला हौसेने लावलेला क्रोमचा साज. पुढचा बंपर, जाळी, आरशांच्या दांड्या, चाकांच्या वाट्या, सगळं चकचकीत. दोन पावसाळ्यांत त्याला गंजाचे फोड आले होते.

"हे चमकणारं काय कामाचं जी?" तो म्हणाला. "उन्हात डोये दिपतात, अन् पावसात सडून राह्यलं. तुमचं ते खरबडं मारा याच्यावर. पन दसऱ्याले गाडी पूजेले पाह्यजे. साऱ्या गावाले सांगून ठेवलं मी."

मी हो म्हणालो. क्रोमवर रंग धरत नाही, हे या धंद्यातलं कोणीही सांगेल. काचेवर चुना फासण्यातली गत. म्हणून आधी धुण्याच्या सोड्याने सगळं धुवायचं, गंज खरवडायचा, मग पॉलिश पेपरने घासून घासून त्या चकाकीचं नाक खाली करायचं. चेहरा दिसेनासा झाला की पेट्रोलच्या फडक्याने पुसायचं आणि त्यानंतर उघड्या हाताचं बोटसुद्धा लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की रंग सुटलाच म्हणा. मी तर ते तुकडे जुन्या धोतराच्या फडक्याने धरून उचलत असे. धोतर वडिलांचंच होतं, आईने दिलेलं.

पितृपक्ष चालू होता. त्या दिवसांत गाडीला नवा रंग नको, असं शेतकऱ्याच्या घरच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं. लाल प्रायमर म्हणजे नुसता खालचा अस्तराचा हात, तो काही रंग नव्हे, अशी पळवाट मी शोधली. भिक्षुकाच्या घरात वाढल्यावर माणूस निदान एवढं तरी शिकतो. प्रायमर मारून तुकडे विटांवर मांडून ठेवले आणि काळा रंग दिला तो घटस्थापनेच्या दिवशी, खाणावळीत जेवून आल्यावर, दुपारी. वाळू अशी काही बसली की मीच माझी पाठ थोपटली.

अष्टमीला शेतकरी माल बघायला आला. जाळी, दांड्या, वाट्या, सगळं त्याने नखाने खरवडून पाहिलं आणि मान डोलावली. मग बंपरवर हात फिरवता फिरवता थांबला.

"हे काऊन फुगलं हो इथं?"

बंपरच्या मधोमध रंग उचलला होता. फोड आल्यासारखा नव्हे, रेघेरेघेने. माझं डोकं फिरलं. मी रंगाच्या दुकानदाराला शिव्या दिल्या, प्रायमरला दिल्या, पूर्णेच्या वाळूलाही सोडलं नाही. पातळ पट्टी घेतली आणि उचललेला रंग कडेने सोलायला लागलो. तो सालीसारखा निघत गेला. खाली लाल प्रायमर, आणि त्या लालावर आणखी एक लाल, तेलकट. बोटाला कुंकू लागलं.

पुरतं सोलल्यावर दिसलं ते अक्षर होतं. श्री. वेलांटी उंच गेलेली आणि शेवटी खाली ओढलेलं लांब शेपूट.

तसा श्री मी जगात एकाच हाताचा पाहिला आहे. आमच्या घरी मांडलेल्या प्रत्येक कुंडलीच्या माथ्यावर तो असायचा.

समोर चहाचं खोपटं होतं, तिथल्या बाईला विचारलं, घटस्थापनेच्या दिवशी कोणी आलं होतं का. ती कप विसळता विसळता म्हणाली, "आलते ना एक बाबा. धोतर, उपरनं, हातात पूजेची पिशवी. तुमी जेवाले गेल्ते. मी म्हनलं बसा, बोलावतो, तं नाई म्हने. उलीसा वेय आत उभे राह्यले, अन् चालले गेले. जाताना म्हने, मी आल्तो हे सांगू नोका."

एका यजमानाकडे घट बसवायला ते अकोल्याला आले असणार. आणि तिथून इथे. लाल प्रायमर म्हणजेच पक्का रंग असं समजून, तेलात कुंकू कालवून त्यांनी माझ्या कामाला श्री लावला होता. लालावर लाल. मला दिसणार तरी कसा. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते होऊन गेलं होतं, आणि मी त्याच्यावर वाळू मारून मोकळा झालो होतो. मला हसू आलं आणि रडूही आलं. शेतकऱ्यासमोर दोन्ही कसंबसं आवरलं.

तो म्हणाला, "राहू द्या ना मंग. चांगलं देवाचं नाव हाये."

पण राहू देता येत नव्हतं. उघड्या जागेतून पाणी शिरलं असतं आणि पुढच्या पावसाळ्यात बंपर सडला असता. नवा रंग धरायचा तर ते तेल पेट्रोलने पुसून, घासून धातूपर्यंत जायला हवं होतं. मी फडकं भिजवलं, हात बंपरपर्यंत नेला आणि मागे घेतला. काही केल्या हात होईना. एवढ्या वर्षांत वडिलांनी माझ्या धंद्याला दिलेलं तेवढंच होतं, आणि ते मीच पुसायचं?

संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला गेलो. वडील देवघरात नंदादीपात तेल घालत होते. मी दारातच उभा राहून सगळं सांगून टाकलं. त्यांनी वात सारखी केली.

"तेलाने रंग सुटतो?" त्यांनी विचारलं.

"सुटतो."

"मग पुसलास का नाहीस?"

"मला नाही जमलं, बाबा."

नवरात्र बसलं की वडील यजमानाकडच्या पूजेखेरीज घरचा दिवा सोडून कधी कुठे जात नसत. त्यांनी थोरल्या भावाला हाक मारली, दिव्यावर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि सकाळी माझ्यासोबत गाडीत बसले. त्या दिवशी खंडेनवमी होती. घरोघरी हत्यारं पुजायचा दिवस.

ते टिनाखाली आले. शब्द मोडल्याचं त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि काढायची माझीही छाती नव्हती. पट्ट्या, कुंचले, चाळणी, माझी सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांनी यथासांग पूजा केली. मग उपरणं कमरेला खोचलं.

"दे ते फडकं."

पेट्रोलने भिजलेलं फडकं हातात घेऊन त्यांनी आपला श्री आपणच पुसला. नाकाला वास झोंबत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी शेपटापर्यंत पुसला. "देवाला पोचायचं ते पोचलं," ते म्हणाले. "आता तुझं काम कर."

छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते काय असतं, मला तेव्हा कळलं. मी घासलं, प्रायमर मारला. आश्विनातलं ऊन, दुपारपर्यंत सुकलाही. काळा रंग दिला आणि वाळूची पाटी पुढे ओढली. वडील म्हणाले, "मी टाकू?"

मी सरकलो. त्यांनी चिमटीत वाळू घेतली आणि रंगावर हलकेच सोडली. पुन्हा चिमूट, पुन्हा हलकेच. आयुष्यभर लग्नं लावलेला हात, त्याला दुसरं येणार काय.

"बाबा, मूठभर मारा. हे लग्न नाही."

"असू दे," ते म्हणाले, आणि आणखी एक चिमूट सोडली.

तिथे मी वाळू मारली नाही. भोवतालचं काम मी पुरं केलं, आणि दसऱ्याला गाडी झेंडूच्या माळा घालून तिवशाला गेली. रंग धरला. पुढच्या पावसाळ्यानंतर तो शेतकरी गाडी घेऊन पुन्हा आला, साजावर गंजाचा ठिपका नव्हता. मला हुश्श झालं. त्याने बंपरवर हात फिरवला आणि मधल्या जागी थांबला.

"बाकी झकास हाये," तो म्हणाला. "पन इथं वाळू अशी इरळ काऊन हो?"

मी म्हणालो, "तिथे अक्षता पडल्या आहेत."